टॉप स्कोअर स्पर्धेची आखणी: ६० सेकंद, ९० स्ट्राइड आणि एकच फेरी

महालक्ष्मी रेसकोर्सवर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबच्या मैदानाकडेला उभं राहून शो जम्पिंग पाहणाऱ्याला नेहमीची स्पर्धा पटकन कळते. अडथळ्यांवर क्रमांक असतात, स्वार त्याच क्रमाने जातो, अडथळ्याचा आडवा दांडा, म्हणजे पोल, पडला की ४ दोष. कमी दोष आणि कमी वेळ असलेला जिंकतो. टॉप स्कोअर सुरू झाली की हे चित्र पालटतं. अडथळ्यांवर क्रमांकाऐवजी गुण असतात, वाट कोणी आखून दिलेली नसते, आणि ठरलेल्या वेळात जमतील तेवढे गुण गोळा करायचे असतात. कोर्स डिझायनरचं अर्धं काम इथे स्वाराच्या अंगावर येतं.

तरुण स्वारांची तयारी मी जवळून पाहतो. उड्यांवर महिनोन्महिने घाम गाळलेली मुलं या स्पर्धेत मात्र ‘१२० गुणांचा दोनदा मारू, जोकर (जास्त गुणांचा, पण जोखमीचा खास अडथळा) घेऊ, पुढचं पुढे बघू’ एवढ्या भांडवलावर आत शिरतात. घोडा तयार असतो, हात-पाय तयार असतात, फक्त बेत नसतो. माझं म्हणणं असं आहे की टॉप स्कोअरमध्ये गुण अडथळ्याच्या उंचीत जेवढे असतात, त्याहून जास्त दोन अडथळ्यांमधल्या वाटेत असतात. ती वाट आदल्या आठवड्यात, कोर्स वॉकच्या (स्पर्धेआधी पायी फिरून अडथळे पाहण्याच्या) वेळी आणि वॉर्म-अपमध्ये मोजून ठरवता येते. ती कशी ठरवायची, ते क्रमाने पाहू.

नियम वाचा, पण आखणीच्या नजरेने

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, नियमांत टॉप स्कोअरचा ढाचा असा आहे. मैदानात अडथळे मांडलेले असतात आणि अवघडपणानुसार प्रत्येकाला १० ते १२० गुण असतात. डबल-ट्रिपलसारखी, म्हणजे लागोपाठच्या दोन-तीन उड्यांची, कॉम्बिनेशन्स नसतात. प्रत्येक अडथळा दोन्ही बाजूंनी उडता येईल असा बांधलेला असतो. वेळ ४५ ते ९० सेकंदांच्या दरम्यान ठरवलेली असते. त्या वेळात कोणताही अडथळा, कोणत्याही क्रमाने, कोणत्याही दिशेने घ्यायचा. एका अडथळ्याचे गुण दोनदाच मिळतात. तिसऱ्यांदा उडी मारली तर बाद होत नाही, पण हाती काही लागत नाही. पाडलेल्या अडथळ्याला गुण नाहीत. तो पुन्हा उभारतही नाहीत, म्हणजे तुमची वेळ संपेपर्यंत तो मेला.

जोकर ठेवला असेल तर तोही दोनदा घेता येतो. स्वच्छ उडीला दर वेळी २०० गुण, आणि पाडला तर जमलेल्या गुणांतून २०० वजा.

घोडा अडला किंवा बाजूने निसटला तर वेगळे दोष लागत नाहीत. गेलेला वेळ हीच शिक्षा. पडलात तर बाद.

आता ज्या दोन कलमांवरून नजर सहज घसरते ती पाहा. वेळ संपल्याची बेल वाजते त्या क्षणी घोडा टेक-ऑफला सुटलेला असेल आणि उडी स्वच्छ गेली, तर ते गुण धरतात. आणि बेलनंतर फिनिश लाइन ओलांडायची असते. गुण बरोबरीचे झाले तर बेलनंतर फिनिशपर्यंत पोचायला कोणाला कमी वेळ लागला, यावर निकाल लागतो. फिनिश ओलांडलीच नाही तर समान गुणांच्या गटात तुम्ही शेवटी. म्हणून शेवटची उडी कुठली असावी हे फिनिश लाइनची जागा ठरवते.

क्लबच्या किंवा शाळांच्या स्पर्धांत हे आकडे बदललेले असू शकतात. वेळ, जोकर आहे की नाही, अडथळे किती, उंची किती, हे त्या स्पर्धेच्या शेड्यूलमधून कागदावर उतरवून घ्या. अंदाजाने चालू नका.

घरच्या मैदानावर: तुमच्या घोड्याचे ९० स्ट्राइड

वेळ सेकंदांत दिलेली असते, पण खोगिरावर बसलेल्या माणसाला सेकंद कळत नाहीत. त्याला स्ट्राइड, म्हणजे घोड्याच्या ढांगा, कळतात. म्हणून सगळा हिशेब स्ट्राइडमध्ये करायचा.

कॅन्टरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत, घोड्याचा एक स्ट्राइड साधारण ३.६५ मीटर धरतात. जम्पिंगमध्ये मिनिटाला ३५० मीटर हा नेहमीचा वेग. भागाकार केला तर मिनिटाला ९६ स्ट्राइड येतात. वळणांवर घोडा आखडतो, वेग उतरतो, म्हणून ६० सेकंदांत ९० स्ट्राइड, म्हणजे सेकंदाला दीड, हा कामाचा आकडा. एक उडी जवळपास एका स्ट्राइडएवढी जागा आणि वेळ घेते, तीही यातच मोजायची.

हा आकडा तुमच्या घोड्याचा नाही, सर्वसाधारण आहे. रेसमधून निवृत्त होऊन जम्पिंगला आलेल्या थरोब्रेडचा स्ट्राइड लांब असतो आणि वळणावर तो गोळा करायला वेळ लागतो. रायडिंग स्कूलचा बुटका, आटोपशीर घोडा सरळ लाइनवर मागे पडतो, पण कोपऱ्यात अशी गिरकी घेतो की मोठे घोडे बघत राहतात. म्हणून स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी मैदानात पाच-सहा छोटे अडथळे मांडा. उंची ६०-७० सेंटिमीटर पुरे. कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ६० सेकंद मनाला येईल तसं फिरा. नंतर व्हिडिओ बघून दोन गोष्टी मोजा: एकूण स्ट्राइड किती झाले, आणि डाव्या-उजव्या वळणाला किती-किती लागले. बहुतेक घोड्यांची एक बाजू मऊ असते. डावीकडे ८ स्ट्राइडमध्ये होणारं वळण उजवीकडे ११ घेत असेल, तर दर वळणाला २ सेकंद गेले. फेरी कोणत्या अंगाने फिरवायची, हे त्या ३ स्ट्राइडवर ठरतं.

याबाबत सईसाला विचारायला विसरू नका. त्याचा हात घोड्यावर रोज फिरतो. तबेल्यात एका मुलीने सहज विचारलं, “काका, आज कसा आहे हा?” त्यावर उत्तर आलं, “ताई, सकाळपासून गवत डावीकडं ठेवलं तर मान वळवत नाही, अख्खा फिरून खातोय.” तिने लगेच मानेवर हात फिरवून पाहिला, डाव्या बाजूला स्नायू ताठ होता. त्या दिवसाची फेरी उजव्या अंगाने आखायला ही एक माहिती पुरेशी होती. दुखणं वाटलं तर आधी पशुवैद्य, मग स्पर्धा, हे सांगायला नको.

कोर्स वॉक: वळणं चाला

नेहमीच्या स्पर्धेत कोर्स वॉकला आपण दोन अडथळ्यांमधलं सरळ अंतर मोजतो. स्वाराचं एक पाऊल साधारण ९० सेंटिमीटर, चार पावलांचा एक स्ट्राइड. लँडिंगला दोन पावलं, टेक-ऑफला दोन पावलं सोडायची आणि मधली पावलं चारने भागायची. टॉप स्कोअरमध्ये हेच वळणांवर करा. एका अडथळ्यावरून उतरून पुढच्याकडे घोडा ज्या कमानीने जाईल, अगदी त्याच कमानीवर चाला. कापून जाऊ नका. आपण आठ पावलांत वळू शकतो, घोडा नाही.

वहीत अडथळ्यांच्या जागा टिंबांनी मांडा, गुण लिहा, आणि दोन टिंबांमधल्या रेघेवर स्ट्राइड लिहा. अंतरं सगळ्या जोड्यांची मोजायची गरज नाही. ज्या जोड्या ४ ते १० स्ट्राइडमध्ये जोडल्या जातात, त्याच कामाच्या.

मग प्रत्येक मोठा अडथळा दोन्ही बाजूंनी बघा. ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ देऊन करायला सांगतो. अडथळा दोन्ही दिशांनी ‘उडता येतो’ म्हणजे दोन्ही दिशांनी सारखाच सोपा असतो असं नाही. व्हर्टिकलपाशी (एकाच उभ्या पातळीतल्या पोलांच्या अडथळ्यापाशी) गुडघ्यावर बसा आणि ग्राउंड लाइनचा, म्हणजे जमिनीवरचा, पोल कुठे आहे ते पाहा. घोडा टेक-ऑफची जागा खालच्या पोलवरून ठरवतो. तो पोल तुमच्या बाजूला थोडा पुढे असेल तर घोड्याला उडी सोपी जाते. तो बरोबर खाली असेल तर नजर जरा फसते. चुकून पलीकडच्या बाजूला सरकलेला असेल, तर घोडा अडथळ्याच्या फार जवळ जाऊन उडेल आणि पुढचे पाय वरच्या पोलला लागतील. त्या दिशेने तो अडथळा घेऊच नका, आणि पोल हलल्यासारखा वाटला तर अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून द्या. स्वतः हात लावू नका.

फळ्यांचा अडथळा असेल तर कप, म्हणजे फळ्या टेकवायचे आधार, बघा. फळ्या सपाट कपांवर टेकलेल्या असतात, खूर घासला तरी सुटतात. कागदावर ९० गुणांची फळी १०० गुणांच्या भरभक्कम ऑक्सरपेक्षा (पुढे-मागे पोल असलेल्या रुंद अडथळ्यापेक्षा) जास्त धोक्याची असू शकते.

मुंबईच्या मैदानात आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. दुपारनंतर समुद्राकडून, हाजी अलीच्या अंगाने वारा सुटतो. झेंड्या, फुलांच्या कुंड्या, जाहिरातीचं कापड फडफडायला लागतं. सकाळी शांत वाटलेला कडेचा अडथळा चार वाजता घोड्याला बुजवतो. आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उडी मारायची झाली, तर मावळतं ऊन घोड्याच्या आणि तुमच्या थेट डोळ्यांत येतं. दिशा निवडायची मोकळीक असलेल्या स्पर्धेत ती जोखीम विकत घ्यायचं कारणच नाही, तोच अडथळा उलट बाजूने घ्या. दिव्याखाली स्पर्धा असेल तर ऑक्सरचा मागचा पोल सावलीत हरवतो का, हेही वाकून बघा.

फेरी आखणे

आता मुख्य काम. प्रत्येक अडथळा दोनदा चालतो, म्हणून सगळ्यात किफायतशीर आखणी म्हणजे पाच किंवा सहा अडथळ्यांची एक बंद फेरी, जी तशीच दोनदा मारायची. लक्षात ठेवायला निम्मं, आणि दुसऱ्या वेळी घोड्याला वाट माहीत असते. तो स्वतःहून पुढच्या अडथळ्याकडे कान टवकारतो.

एक नमुना घेऊ. लांब बाजूला ८०चा ऑक्सर आणि त्यापुढे ५ स्ट्राइडवर १००चा व्हर्टिकल आहे. तिथून डावीकडे वळून ९ स्ट्राइडवर, तिरक्या रेषेत ११०. त्याच्या पुढे सरळ ४ स्ट्राइडवर ९०. मग उजवीकडे वळून १० स्ट्राइडवर, कोपऱ्यातला १२०. आणि १२०वरून पुन्हा ८०ला यायला ९ स्ट्राइड. पाच उड्यांचे ५०० गुण.

हिशेब असा: स्टार्ट लाइनपासून ८०पर्यंत ५ स्ट्राइड. पहिली फेरी म्हणजे मधले ५ + ९ + ४ + १० = २८ आणि उड्यांचे ५, मिळून ३३. जोडवाट ९. दुसरी फेरी पुन्हा ३३. बेरीज ८० स्ट्राइड, म्हणजे साधारण ५३ सेकंद, आणि गुण १,०००. शिल्लक १० स्ट्राइड, सुमारे साडेसहा सेकंद.

आता ‘मोठे तेवढे घेऊ’ हा बेत त्याच मैदानावर लावून बघा. ११०, १२० आणि जोकर एकमेकांपासून लांब असतील, तर प्रत्येक उडीला वळणासकट सरासरी १५ स्ट्राइड सहज जातात. ९० स्ट्राइडमध्ये सहा उड्या बसतात. त्या सहाही स्वच्छ गेल्या, दोन्ही जोकर साधले, तरी १२० × २ + ११० × २ + २०० × २ = ८६० गुण. जोकरला न शिवता फेरी मारणारा १४० गुणांनी पुढे असतो. ८० आणि ९०चे अडथळे वाटेवर पडतात म्हणून त्यांची किंमत वाढते.

फेरी जुळवताना माझा क्रम असा असतो. आधी सरळ जोड्या शोधायच्या, चार-पाच स्ट्राइडच्या. त्या बेताचा कणा. मग त्यांना घोड्याच्या मऊ बाजूच्या वळणांनी जोडायचं. पण सगळी वळणं एकाच बाजूला ठेवू नका. सलग डावीकडे फिरत राहिला तर घोडा आतल्या खांद्यावर कलंडतो, आणि अर्ध्या मिनिटानंतर तोच खांदा पोल पाडतो. मध्ये एखादी तिरकी रेघ घालून वळणाची दिशा बदलली, वरच्या नमुन्यात १२०कडे जाताना बदलली आहे तशी, की तो पुन्हा सरळ होतो. तिथे हवेत असतानाच पुढच्या बाजूला नजर वळवली आणि आतला लगाम किंचित उघडला, तर बरेच घोडे योग्य लीडवर, म्हणजे वळणाच्या आतला पुढचा पाय आघाडीवर ठेवून, उतरतात. ज्यांचा तुमच्यासोबत अजून तेवढा मेळ नाही, त्यांच्यासाठी वळणात दोन स्ट्राइड जास्त धरा.

१० ते ४० गुणांचे अडथळे मी सहसा बेतात घेत नाही. ते वाटेत आडवे येत असतील आणि रेघ सरळ राहत असेल तरच घ्यावेत. दहा गुणांसाठी लय मोडली तर पुढच्या ११०चं नुकसान होतं.

राखीव उड्या

बेत ठरला की प्रत्येक अडथळ्यासमोर वहीत एक पर्याय लिहा: हा पडला तर दुसऱ्या फेरीत त्या जागी काय? पाडलेला अडथळा पुन्हा उभारत नाहीत, त्यामुळे पहिल्या फेरीत ११० पाडला तर खरा फटका २२०चा आहे, आत्ताचे ११० आणि पुढच्या वेळचे ११०. पण १००वरून उतरल्यावर मधला ७० घेऊन ९०ला जाता येतं हे आधीच माहीत असेल, तर नुकसान १५०वर थांबतं. हा पर्याय घोड्यावर बसल्या बसल्या सुचत नाही, तो चालताना शोधून ठेवावा लागतो. पडलेल्या अडथळ्याच्या झेंड्यांमधून गेल्याने बाद होत नाहीत, तरी खाली पसरलेल्या पोलांवरून घोडा नेऊ नका. पाय मुरगळायला एक गोल पोल पुरतो.

घोडा अडला तर काय? नेहमीच्या स्पर्धेत त्याच अडथळ्याला परत जावं लागतं, इथे ती सक्ती नाही. गणिताच्या दृष्टीने तो सोडून पुढे निघणं फायद्याचं. पण घोडा नवखा असेल तर मी स्वाराला सांगतो, एकदा परत फिरवून घे, गुण गेले तर जाऊ देत. अडल्यावर सुटका होते हे घोडा एका दिवसात शिकतो आणि ते विसरायला लावण्यात अख्खा हंगाम जातो. अनुभवी घोड्याला हा नियम लावायचं कारण नाही. दोन्ही बाबतीत एक पक्कं धरा: एकदा अडला म्हणजे सात-आठ सेकंद गेले, तुमची शिल्लक संपली. शेवटची जादाची उडी आणि जोकर, दोन्ही तिथेच बेतातून काढून टाका.

जोकर घ्यावा का?

साधलं तर अधिक २००, पाडलं तर उणे २००. दोनपैकी एकदा साधणारा जोकर म्हणजे सरासरी शून्य, वर वेळ वाया. चारपैकी तीनदा साधत असेल तर सरासरी फायदा १००चा. पाचपैकी चारदा, तर १२०चा.

आता नमुन्यातले शिल्लक १० स्ट्राइड आठवा. त्यात एकच गोष्ट बसते: ८ स्ट्राइडवरचा जोकर, किंवा ४ स्ट्राइडवर ७० आणि तिथून ४ स्ट्राइडवर ६०. सोप्या दोन उड्यांचे १३० गुण जवळपास हातातले. म्हणजे जोकर पाचपैकी चार वेळांपेक्षा जास्त खात्रीचा असेल तरच तो परवडतो. सरावात तशा रुंदीचा, तशा उंचीचा, तशाच अरुंद तोंडाचा अडथळा तुमचा घोडा दमल्यावर किती वेळा स्वच्छ उडतो? ताज्या दमाच्या उड्या मोजू नका, जोकर ५८व्या सेकंदाच्या आसपास येतो.

हे सरासरीचं गणित झालं. क्रमवारीचं गणित वेगळं. तुम्ही सुरुवातीला उतरणार असाल तर समोर आकडा नसतो, तेव्हा सुरक्षित बेत पूर्ण करा आणि मागच्यांवर दडपण टाका. शेवटच्या काहींत असाल तर फलकावरचा आकडा बघून आत जा. आघाडी १,१०० असेल, तर १,००० आणि वर १३० मिळून तुम्ही पुढे जाता, जोकर लागतच नाही. आघाडी १,१८० असेल तर जोकरशिवाय पहिला क्रमांक शक्य नाही, आणि तेव्हाही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानायचं की नाही हे दारातून आत शिरण्याआधी ठरवा. पाठीवर बसून ठरवलेला जोकर फार महागात पडतो.

उशिरा उतरणाऱ्यांनी वाळूकडेही बघावं. आधीच्या घोड्यांनी ज्या कोपऱ्यात एकसारखी आवळ वळणं घेतली असतात, तिथे वाळू खणली जाऊन खालची कडक पाठ वर येते. तुमचं ९ स्ट्राइडचं वळण त्याच खड्ड्यावरून जात असेल तर एक स्ट्राइड बाहेरून जा आणि शिल्लक एकने कमी करा.

वॉर्म-अप

इथे लांबण लावत नाही. पाच-सात उड्या पुरतात. वॉर्म-अपच्या अडथळ्याला लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे ठेवून ठरलेल्या दिशेनेच उडायचं. तिथे दोन्ही दिशांची मोकळीक नसते, हे स्पर्धेच्या नादात विसरायला होतं. शेवटच्या दोन उड्या वळणावरून घ्या, सरळ लांब येऊन नकोत, कारण आतमध्ये तुम्हाला तशाच मिळणार आहेत. मार्चनंतर मुंबईची दमट हवा असेल तर यातल्या दोन उड्या कमी करा. घाम सुकत नाही, घोडा आतून तापत राहतो, आणि पोल पडायचं खरं कारण बऱ्याचदा तेच असतं.

तोवर वहीतली फेरी तोंडपाठ म्हणा, गुणांच्या आकड्यांनी: ऐंशी, शंभर, एकशेदहा, नव्वद, एकशेवीस. आणि पुन्हा.

आत गेल्यावर

एफईआयच्या नियमांत सुरुवातीची बेल वाजल्यावर स्टार्ट लाइन ओलांडायला ४५ सेकंद असतात. ती संपली की तुम्ही लाइन ओलांडलेली असो वा नसो, घड्याळ सुरू होतं. हे ४५ सेकंद वापरा. घोड्याला बुजवणाऱ्या अडथळ्याच्या बाजूने शांत कॅन्टरमध्ये एक चक्कर मारा, लय पकडा, आणि ती लय आल्यावरच लाइनकडे वळा. टॉप स्कोअरमध्ये स्टार्ट लाइन दोन्ही दिशांनी ओलांडता येते, म्हणून पहिल्या अडथळ्याला सोयीची बाजू निवडा. बेलच्या आधीच लाइन ओलांडून पहिली उडी मारणं आणि लाइन न ओलांडताच उडी मारणं, दोन्ही बाद होण्याचे रस्ते.

पहिले तीन अडथळे वेगासाठी नाहीत, लयीसाठी आहेत. मिनिटाला ३५० मीटरची चाल आली की ती ढळू देऊ नका. वेळ वाचतो तो वळणात, लँडिंगनंतरच्या पहिल्या स्ट्राइडला नजर पुढे गेली तर. लगाम ओढून वळवलेला घोडा आधी थांबतो आणि मग वळतो, आणि तुमचे दोन स्ट्राइड जातात.

बाहेरून कोणी ‘वीस राहिले’ असं ओरडेल यावर विसंबू नका. फेरी चालू असताना बाहेरून मिळालेली मदत अनधिकृत धरली जाऊ शकते आणि त्यात बाद व्हायची वेळ येते. पालकांनीही रेलिंगवरून सूचना देण्याचा मोह आवरावा. मैदानात घड्याळाचा फलक असेल तर वरच्या नमुन्यात पहिल्या १२०च्या वेळी तो २५-२६ सेकंदांवर असायला हवा. ३० दिसले तर शेवटची जादाची उडी सोडून द्यायची, वेग वाढवायचा नाही. फलक नसेल तर जादा गेलेले स्ट्राइड स्वतः मोजा. दहा झाले की शिल्लक संपली.

शेवटची उडी फिनिश लाइनकडे तोंड करून असेल असं बघा. म्हणून शिल्लक दहा स्ट्राइडमध्ये ७० आधी घ्यायचा की ६०, हे फिनिश कुठे आहे त्यावर ठरतं. बेल वाजली की हात ढिले सोडू नका, सरळ लाइन गाठा. बरोबरीचा निकाल त्या चार-पाच स्ट्राइडमध्ये लागतो.

मधेच घोडा जड पडला, श्वास खरखरायला लागला, पाय आखडला, तर चालीवर आणा, हात वर करून थांबा. गुण पुन्हा मिळतील.

अ‍ॅक्युम्युलेटर असेल तर

शेड्यूलमध्ये गुणांची दुसरीही स्पर्धा दिसते. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ६, ८ किंवा १० अडथळे वाढत्या अवघडपणाने, ठरलेल्या क्रमानेच असतात. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे चढते. पूर्ण स्वच्छ गेल्यास २१, ३६ किंवा ५५. वाट निवडायची नसते, म्हणून वरची फेरीची आखणी इथे लागू नाही. निर्णय एकच, शेवटी पर्यायी जोकर असेल तर. तो साधला तर शेवटच्या अडथळ्याचे दुप्पट गुण, पाडला तर तेवढेच वजा. १० अडथळ्यांत म्हणजे अधिक २० किंवा उणे २०, तर साध्या पर्यायाचे १०. पाडलेल्या साध्या अडथळ्याला फक्त शून्य मिळतं, वजाबाकी होत नाही. त्यामुळे दोन्ही पर्याय सारख्याच खात्रीचे वाटत असतील तर जोकर तेव्हाच परवडतो, जेव्हा ती खात्री तीनपैकी दोनपेक्षा जास्त असते.

फेरीनंतर

आधी घोडा. खोगीर उतरवा, सावलीत चालवा, अंगावर पाणी सतत ओतत राहा आणि प्यायलाही द्या. उन्हाळ्यात निकालाच्या फलकाकडे धावण्याआधी हे झालंच पाहिजे.

मग त्याच दिवशी वही उघडा, विसरायच्या आत. ठरवलेले स्ट्राइड आणि प्रत्यक्षात लागलेले स्ट्राइड, अडथळ्यागणिक शेजारी शेजारी लिहा. चित्रण असेल तर ते थांबवत थांबवत मोजा. कोणत्या बाजूच्या वळणाला जास्त लागले, पोल पडला तो पुढच्या पायांनी की मागच्या, जोकरला जाताना घोड्याची लय होती का, हेही टिपा. शेवटी ६० सेकंदांत खरोखर किती स्ट्राइड झाले तो आकडा ठळक करून ठेवा. पुढची फेरी आखताना ९०च्या जागी तोच वापरायचा.